परतीचे तिकीट

पाहुणा दारात उभा राहिला, की त्याच्या हातातली वळकटी खाली टेकण्यापूर्वीच आमच्या गिरगावातल्या चाळीत एक प्रश्न ठरलेला असे : "मुक्काम किती दिवस?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडे काही नसे. दोन खोल्यांत नऊ माणसे झोपवायची म्हणजे अंथरुणांचा हिशेब आधी करावा लागतो. पाहुणाही ते जाणून असे, आणि पाणी पिता पिताच "परवाच्या गाडीचे तिकीट काढूनच आलोय" असे सांगून घरच्या बाईचा जीव भांड्यात पाडीत असे.

१८१३ सालच्या फेब्रुवारीत मुंबई बंदरावर तीन अमेरिकन पाहुणे उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना नेमका हाच प्रश्न केला. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि नॉट यांच्या पत्नी रॉक्सॅना अशी ती तिघे. ख्रिस्ताचा धर्म सांगायला ती निघाली होती, आणि मुक्काम किती या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते : मरेपर्यंत. सरकारच्या जिवाचे काय झाले असेल ते वाचकांनीच ताडावे.

माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या शेजारची एक कॉलेजातली मुलगी मध्यंतरी चर्चमधल्या पंधरा-वीस सोबत्यांबरोबर 'मिशन ट्रिप'ला जाऊन आली. दोन आठवडे कुठल्याशा गरीब देशात राहून, एका शाळेच्या भिंती रंगवून, मुलांबरोबर गाणी म्हणून मंडळी परतली. मुलगी गुणी आहे, हेतूही चांगला आहे. भिंतींना रंग लागला हे काही वाईट झाले नाही. पण भाचीने ही हकीकत फोनवर सांगितली आणि मला एकदम हॉलसाहेबांची आठवण झाली. प्रवासाचे नाव तेच आणि निघण्याचा देशही तोच. फरक एवढाच, की त्या प्रवासाला परतीचे तिकीट नव्हते. त्यांच्यापुरते नव्हते, आणि गिरगावात ज्यांनी त्यांचे ऐकले, त्यांच्यापुरतेही नव्हते.

मी स्वतः देवपूजेच्या घरातला. संध्याकाळी शुभंकरोती म्हटल्याशिवाय आम्हाला जेवण मिळत नसे. पुढे विल्सन कॉलेजात शिकलो, तेथे बायबलही वाचले, आणि आहे त्या घरातच आहे. तेव्हा मी जे सांगणार आहे ते ना भक्ताचे, ना वैऱ्याचे. शेजाऱ्याचे म्हणा फार तर.

हॉल ज्या विल्यम्स कॉलेजात शिकले, तेथले काही विद्यार्थी १८०६ साली वादळात सापडून एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले होते, आणि तेथेच त्यांनी परदेशी जाऊन धर्म सांगायचे ठरवले, अशी अमेरिकन मिशनच्या आरंभाची कथा आहे. त्या विचारातून चार वर्षांनी, १८१० साली, परदेशी मिशनांचे त्यांचे बोर्ड उभे राहिले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली. सेलम हे मिऱ्याच्या व्यापाराचे बंदर. ज्या गलबतांतून सुमात्राची मिरी आणायची, त्यांच्याच जातीच्या एका गलबतातून दोघे निघाले; हॉल आणि नॉट दुसऱ्या गलबतातून. वाटेत एक गंमत झाली. समुद्रावर चार महिने हाताला काम नाही, म्हणून पहिल्या गलबतातल्या जडसन यांनी बाप्तिस्म्याचा प्रश्न बारकाईने अभ्यासायला घेतला आणि हिंदुस्थानात पोचेपर्यंत त्यांचे मत फिरले. कलकत्त्यास ते बॅप्टिस्ट झाले. मागोमाग रीस नावाचे दुसरेही झाले. दुसऱ्यांचे मत बदलायला निघालेल्या पाचांपैकी दोघांचे वाटेतच बदलले! धर्मांतराचा पहिला अनुभव त्यांनी असा घरचाच घेतला.

पुढचे मात्र गमतीचे नाही. कलकत्त्याच्या सरकारने या मंडळींना चालते व्हायला सांगितले. कंपनीला धर्मप्रचाराने रयत बिथरेल अशी धास्ती, आणि त्यात इंग्लंड-अमेरिकेचे युद्ध जुंपलेले. म्हणजे मिशनरी तर मिशनरी, वर शत्रूच्या मुलखातले. जडसन ब्रह्मदेशाला गेले. न्यूएल यांची पत्नी हॅरिएट आसरा शोधता शोधता मॉरिशसला पोचली आणि तेथे वारली. वय एकोणीस. हॉल आणि नॉट सरकारची नजर चुकवून मुंबईला आले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे धार्मिक वृत्तीचे, मनाने त्यांना अनुकूल. पण हुकूम तो हुकूम. इंग्लंडला पाठवणी होणार असे दिसताच दोघे गुपचूप कोचीनला निसटले, तेथून त्यांना परत आणले. तेव्हा त्यांनी गव्हर्नरांना लांबलचक अर्ज केला. त्याचा मथितार्थ असा, की ज्या ख्रिस्ताला तुम्ही मानता त्याचीच आज्ञा आम्ही पाळतो आहोत. आता आम्हाला घालवायचे की नाही ते तुमच्या सदसद्विवेकाने ठरवा. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली, आणि पाहुणे राहिले. नॉट प्रकृतीमुळे १८१५ साली परतले, पण हॉल राहिले आणि १८१४ साली न्यूएलही त्यांना येऊन मिळाले.

हॉल आणि न्यूएल यांनी मुंबईत बसून एक पुस्तक लिहिले. ते १८१८ साली निघाले. जगातल्या साठ कोटी माणसांचा आपल्यावर हक्क आहे आणि त्यांच्यासाठी किती मिशनरी लागतील, असा त्याचा विषय. साठ कोटींचा हा हिशेब मांडणाऱ्यांना मुंबईत तोवर मिळालेले अनुयायी एका हाताच्या बोटांवर मोजून संपत! रोज रस्त्यात उभे राहून बोलावे, लोकांनी ऐकावे, हसावे, कोणी प्रश्न विचारावा, आणि संध्याकाळी जो तो आपल्या घरी आपल्या देवापुढे दिवा लावायला जावा. न्यूएल १८२१ साली मुंबईतच पटकीने वारले. हॉल यांची बायको दोन आजारी मुलांना घेऊन १८२५ साली अमेरिकेला निघाली. त्यातला एक मुलगा वाटेत समुद्रावरच गेला. हॉल मागे राहिले, कारण नव्या कराराचे मराठी भाषांतर छापून व्हायचे होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते नाशिककडे फिरतीवर गेले. तेथे पटकीची साथ. बरोबरची औषधे वाटून संपली, म्हणून परत फिरले आणि वाटेतल्या एका देवळाच्या ओसरीवर पथारी टाकली. पहाटे त्यांनाच पटकी झाली आणि काही तासांत कारभार आटोपला. वय एक्केचाळीस.

देवळाची ओसरी! ज्या देवांविरुद्ध तेरा वर्षे बोलले, त्यांच्याच दारी त्यांना शेवटी टेकायला जागा मिळाली. ओसरीने नाही म्हटले नाही, हे मला आपल्या बाजूने नोंदवून ठेवावेसे वाटते.

हॉल गेले आणि तीन वर्षांनी, १८२९ च्या फेब्रुवारीत, स्कॉटलंडहून जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे जोडपे आले. दोघांनी आधी कोकणात राहून मराठी शिकून घेतली. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. अमेरिकन मिशनची मुलींची शाळा त्याआधी, १८२४ साली, निघाली होती. त्या काळी मुलगी शिकली की नवरा मरतो, अशी समजूत घरोघर होती. तरी या बाई दारोदार फिरून मुली गोळा करीत. सहा वर्षांत, १८३५ च्या एप्रिलात, त्या वारल्या. विल्सन मात्र १८७५ पर्यंत जगले, मुंबई विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी मराठी भाषेवर प्रस्तावना लिहिली. त्यांची इंग्रजी शाळा १८३२ ची. गिरगावातल्या आंब्रोळीशी तिचे नाव जोडले गेले आणि पुढे तिचेच विल्सन कॉलेज झाले.

आंब्रोळी! आज हे नाव उच्चारून कोणाचे काळीज लटलटत नाही. पण १८४० च्या सुमारास गिरगाव-ठाकुरद्वारच्या घरांत मुलगा वेळेवर घरी आला नाही, तर आईच्या तोंडी पहिले नाव येत असेल ते हेच. आधी १८३९ साली धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला; पारशी समाज खवळला, कोर्टकचेरी झाली, शाळेतली मुले भराभर काढून घेतली गेली. मग १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने घेतला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. श्रीपत अल्पवयी. बाप सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. झाले, असे वाटेल. पण खरी फिर्याद येथून पुढे सुरू झाली. मुलगा घरी आला, पण त्याला पंक्तीला घ्यायचे कसे? मिशनऱ्यांच्या घरचे अन्न पोटात गेलेले. प्रायश्चित्त देऊन घ्यावा, असे बाळशास्त्री जांभेकरांनी धीटपणे सांगितले आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. शास्त्री दोन पक्षांत विभागले, पत्रकांचा धुरळा उडाला. इंग्रजांच्या कोर्टाने एका दिवसात दार उघडले होते. आपलेच दार उघडायला केवढी यातायात!

मिशनऱ्यांवर माझा राग कुठे असेल, तर तो येथे आहे. परतीचे तिकीट न काढता ते निघाले, हा त्यांचा स्वतःचा कारभार होता. वयात आलेल्या माणसांनी समजून उमजून केलेला. पण कोवळ्या पोराच्या परतीची वाट बंद होईल हे त्यांना दिसत नव्हते, असे कसे म्हणावे? आणि आपल्या लोकांवरही राग आहे तो येथेच. वाट बंद करणारे हात काही स्कॉटलंडहून आलेले नव्हते.

आमच्या घरी दिवाळीत अनारसे करीत नाहीत. शंकरपाळे, चकल्या, कडबोळी, करंज्या सगळे होते. अनारसे शेजारून आले तर खातात. पण घरात पीठ भिजवायचे नाही. असे नियम पुष्कळ घरांत असतात आणि त्यांचे कारण कोणी विचारीत नाही. मी मात्र लहानपणी आत्याला खनपटीस बसून विचारले. ती म्हणाली, "आपल्या खापरपणज्यांचा धाकटा भाऊ आंब्रोळीस गेला. त्याला अनारसे फार आवडत. तो गेला त्या दिवाळीला त्याच्या आईने डबा उघडला नाही, आणि मग कोणीच उघडला नाही." आमच्या छापील कुलवृत्तांतात या भावापुढे 'लहानपणी वारला' एवढेच शब्द आहेत. घरच्यांनी त्याचा घटस्फोट केला होता, म्हणजे घागर फोडून जिवंतपणी त्याचे मर्तिक केले होते. तो कुठे राहिला, त्याची मुलेबाळे कोण, कशाचाही मागमूस नाही. आंब्रोळी आमच्या त्या वेळच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर. हॉल यांना अमेरिकेहून मुंबई गाठायला वर्ष लागले. या पोराने पंधरा मिनिटांत त्याहून लांबचा पल्ला गाठला.

वाद हातघाईने न होता तोंडानेही होत, आणि त्याची मौज काही और होती. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या जाहीर चर्चा समुद्रकिनारी झाल्या. शिरवलीचे हे विष्णू भिकाजी गोखले, वय बत्तीसच्या आत-बाहेर. एका बाजूला पंडितांकडून शिकलेली मराठी बोलणारे गोरे पाद्री, दुसऱ्या बाजूला बिनतोड सवाल टाकणारा संन्यासी, आणि भोवती वाळूत बसलेली मुंबई. देव सर्वशक्तिमान असेल तर सैतान कशाला ठेवला, मूर्ती ही देव की खूण, असल्या प्रश्नांवर संध्याकाळच्या संध्याकाळ जात. दोन्ही पक्षांनी या सभांची हकीकत छापून ठेवली आहे, आणि दोन्ही पक्षांच्या मते आपणच जिंकलो. त्याआधी १८४९ साली मुंबईतल्या काही सुधारकांनी परमहंस सभा काढली होती. जात मानीत नाही हे सिद्ध करायला त्यांच्यात ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा लागे. पण हा पाव गुप्तपणे, दार लावून! सभासदांची यादी १८६० साली फुटताच सभा विरली. मला त्यांना हसू येत नाही. पावाच्या तुकड्याची किंमत काय होती ते आमच्या अनारशांवरून मला ठाऊक आहे. पुढे १८६७ साली गिरगावात प्रार्थना समाज निघाला तो दार उघडे ठेवून. मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर द्यायचे, पण घर सोडायचे नाही, अशी ती तिसरी वाट होती.

समुद्रकिनारीच्या त्या वादांत मिशनऱ्यांच्या बाजूचे एक होते जॉर्ज बोवेन. यांच्याविषयी थोडे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. अमेरिकेत हे गृहस्थ नास्तिक होते. ज्या मुलीवर प्रेम होते ती वारली आणि जाताना त्यांच्यासाठी आपले बायबल ठेवून गेली. त्यातून ते धर्माकडे वळले आणि १८४८ च्या जानेवारीत मुंबईत उतरले. वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या मनाने घेतले, की बंगल्यात राहून, मिशनचा पगार खाऊन बाजारातल्या माणसाला त्यागाचा उपदेश करणे शोभत नाही. त्यांनी पगार सोडला, देशी वस्तीत एका साध्या खोलीत राहू लागले, शिकवणीच्या चार पैशांवर गुजराण केली. रोज संध्याकाळी रस्त्यावर मराठीत बोलायचे आणि रात्री 'बॉम्बे गार्डियन' या पत्राचे लेखन. लोक त्यांना गोरा फकीर म्हणत. अशी चाळीस वर्षे काढली. एकदाही मायदेशी गेले नाहीत. १८८८ च्या फेब्रुवारीत मुंबईतच देह ठेवला. किती जणांना ख्रिस्ती केले, असा प्रश्न त्यांच्यापुरता मी विचारीत नाही. ज्या शहरात फकिराला भाकरी मिळते, त्या शहराने त्यांना ओळखले होते, एवढे पुरे.

आता छापखान्याकडे वळतो. या साऱ्या प्रवासाची खरी कमाई मला तेथे दिसते, आणि ती मिशनच्या जमाखर्चात कुठेही मांडलेली नाही.

१८१६ साली अमेरिकन मिशनचे होरेशियो बार्डवेल छपाईचे ज्ञान घेऊन मुंबईत आले आणि दुसऱ्या वर्षी मिशनचा छापखाना मराठी छापू लागला. पहिले खिळे बंगालमधून आणले होते. ते ओबडधोबड, आणि बाळबोध वळणाला सोडून. पुढे याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाच्या कारागिराने मराठी अक्षरांचे सुबक साचे पाडले. हे काम म्हणजे सोनाराचे. पोलादाच्या कांबीच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, ते तांब्यात ठोकायचे, आणि त्या साच्यात शिसे ओतायचे. इंग्रजीला सव्वीस अक्षरे आणि मोठी-लहान धरून बावन्न. मराठीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खिळे. एकेका 'त्र'साठी आणि 'ज्ञ'साठी वेगळी खाणी.

माझे आजोबा काळबादेवीच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणून हे मला वाचून नव्हे, बघून ठाऊक आहे. बोटांची टोके शिशाने काळी. राखेने हात घासल्याशिवाय आजी त्यांना पानावर बसू देत नसे. खिळे उलटे वाचण्याची सवय अशी जडलेली, की समोर बसलेल्याच्या हातातले वर्तमानपत्र ते पलीकडून सरळ वाचीत आणि त्याने पान उलटण्याआधीच त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवीत.

मिशनच्या छापखान्यात ख्रिस्ताची पुस्तके छापली जात. पण खिळे जुळवणारे आणि गोळा करणारे हात हिंदूंचे होते, आणि हातांनी विद्या उचलली. गणपत कृष्णाजी हे भंडारी जातीचे गृहस्थ अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिकले, स्वतःचे यंत्र उभारले, आणि १८३१ साली त्यांनी शिळाछापावर पंचांग काढले. छापील कागदाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसे त्याला शिवत नसत. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. पंचांग! मिशनरी ज्याला अंधश्रद्धेचे मूळ म्हणत, तेच त्यांच्या विद्येने घरोघर गेले. मग जावजी दादाजी. जन्म १८३९ चा, घरची गरिबी. दहा वर्षांचा पोर असताना हा मुलगा त्याच मिशनच्या छापखान्यात दोन रुपये महिन्यावर खिळे घासायला लागला. ग्रॅहॅम यांच्या हाताखाली काम बघून शिकला. १८६४ साली त्याने स्वतःची टाईप फौंड्री घातली, राणोजी रावजी आरू या कसबी मित्राने अक्षरे कोरली, आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा राहिला. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके पुढे काशीपासून युरोपपर्यंत शुद्धतेसाठी नावाजली गेली. वेद, पुराणे, काव्ये, नाटके, सगळे त्या अक्षरांत छापून निघाले. साठ कोटींचा हिशेब मांडणाऱ्या हॉलसाहेबांनी ही यादी पाहिली असती, तर त्यांना काय वाटले असते?

आणि याच छापखान्यात, १८८९ साली, एक प्रवासवर्णन छापले गेले : 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. लेखिका पंडिता रमाबाई. मुंबईकडे येणाऱ्या मिशनच्या वाटेने उलटे जाऊन, परत आलेल्या बाई त्या.

त्यांच्याआधी कोणी गेले नव्हते असे नाही. आंब्रोळीचे ते नारायण शेषाद्री रेव्हरंड होऊन १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलून आले होते. पण रमाबाईंची गोष्ट निराळी. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, संस्कृतात पारंगत, ऐन पंचविशीत विधवा. 'स्त्रीधर्मनीति' पुस्तकाच्या पैशातून तिकीट काढून १८८३ साली चिमुकल्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे होते. पण ऐकू कमी येऊ लागले आणि तो बेत राहिला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे महाराष्ट्रात आकांत. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी स्वतःला कोणाच्या ओटीत घातले नव्हते, हे त्यांची तेथली पत्रे सांगतात. जेवणात मांस नाही, अंडे घातलेले पुडिंगही नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे म्हणताच त्यांनी सुनावले, की मला लॅटिन येत नाही, माझ्या देशाची संस्कृत आहे ती घालीन. धर्ममताच्या एकेका कलमावर तर त्या वाद घालीत. वाँटेजच्या सिस्टरांना वाटले असेल, ही शिष्या की पूर्वपक्ष मांडणारी शास्त्रीणबाई!

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला म्हणून त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशात हिंडल्या. बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ निघाले. हिंदुस्थानात येऊन इकडची उणी दाखवणारे मिशनरी आपण पुष्कळ पाहिले. रमाबाईंनी तोच देश मराठी डोळ्यांनी पाहिला. तेथल्या बायकांची एकी, शाळा, संस्था यांचे त्यांनी तोंड भरून कौतुक केले, आणि मूळच्या रहिवाशांची झालेली वाताहत, काळ्यांची गुलामी, बायकांना मिळणारी कमी मजुरी यांवर तितकेच रोखठोक लिहिले. परदेशच्या मिशनप्रवासाची इतकी स्वच्छ नजरेची हकीकत त्या काळच्या मराठीत मला दुसरी सापडत नाही. आणि ती छापणाऱ्या गृहस्थाने ओठावर मिसरूड फुटण्यापूर्वी अमेरिकन मिशनचे खिळे घासले होते.

१८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई जपानमार्गे मुंबईला परतल्या आणि ११ मार्चला गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. समारंभाच्या अध्यक्षा काशीबाई कानिटकर. विल्सन कॉलेजची चौपाटीवरची इमारतही त्याच वर्षीची. म्हणजे विष्णुबुवांनी पाद्र्यांना जेथे पेचात पकडले, त्याच किनाऱ्यावर बत्तीस वर्षांनी ही दोन दारे उघडली. सदनाच्या पहिल्या मुलींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. तिचा भाऊ नरहरपंत जोशी तिला घेऊन आला. जेवणाची, सोवळ्याची तेथे सक्ती नव्हती आणि मनाईही नव्हती. पुढे सदन पुण्याला गेले, मुली प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ पर्यंत रणे माजली, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले. ते प्रकरण सर्वश्रुत आहे. त्याच १८९३ साली गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरूडकरांनी त्या दोघांना वाळीत टाकले, ख्रिस्ती न होताही!

अमेरिकन मराठी मिशन त्यानंतरही मुंबईत राहिले. गिरण्यांच्या भरभराटीत भायखळ्यापासून लालबाग-परळपर्यंत माणूस माणसावर रचला जात होता. तेव्हा मिशनने १९२७ साली नागपाड्यात नेबरहुड हाऊस काढले आणि क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्याकडे ते सोपवले. व्यायामशाळा, दवाखाना, वाचनालय असे तेथले काम. मॅन्शार्ट यांच्याच पुढाकाराने आणि टाटांच्या पैशाने १९३६ साली त्या वस्तीत समाजकार्य शिकवणारी शाळा सुरू झाली; तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. हॉल यांनी भेंडी बाजाराच्या रस्त्यावर उभे राहून जे सांगितले त्याचा येथे मागमूस नाही, आणि त्यांच्याशिवाय हे झालेही नसते.

रमाबाईंनी शेवटची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये एकाच कामाला वाहिली. बायबल साध्या बाईला समजेल अशा मराठीत आणायचे, आणि तेही इंग्रजीवरून नव्हे, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. साठीला टेकलेल्या, कानाने अधू झालेल्या बाई हिब्रूचे व्याकरण घेऊन बसत. छापखाना मुक्तीतच होता. दुष्काळात आणलेल्या, घरांनी टाकलेल्या मुलींना त्यांनी तेथे खिळे जुळवायला शिकवले होते. केसमधून अक्षर उचलायचे, काठीत बसवायचे, फर्मा बांधायचा, प्रूफ काढायचे. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा त्यांच्याकडचे काम हातावेगळे झाले होते. ग्रंथ निघाला १९२४ साली. माझ्या आजोबांनी त्याची एक प्रत कुठूनशी मिळवली होती. धर्म त्यांना ठाऊक नव्हता, पण पाने उलटून, ओळी बोटाने चाचपून ते आजीला म्हणाले होते, "बघ, बायकांनी जुळवलंय. एक मात्रा हललेली नाही."